गावच्या चर्चची ड्युटी लिस्ट कशी बनवायची, म्हणजे कोणी नुसतं बसून राहणार नाही

चर्चच्या दारावर 'सर्वांचे स्वागत आहे' असा बोर्ड असतो, आणि आत गेलं की दर रविवारी तेच चार जण शास्त्रपाठ वाचतात, तेच दान गोळा करतात, कमिटीत पण तेच, बाकीचे वर्षानुवर्षं मागच्या सतरंजीवर बसून उठून घरी जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की एखाद्याला मंडळीने आपलं मानलं की नाही हे बोर्डावरून नाही कळत, ड्युटी लिस्टवरून कळतं. म्हणून ती लिस्ट कशी बनवायची ते लिहितेय, यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यातल्या लहान लहान मंडळ्या डोळ्यासमोर ठेवून, जिथे पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, चार-पाच गावं असतात आणि ते महिन्यातून एखाद-दोन रविवारीच येऊ शकतात.

आपण चर्च ऑफ नॉर्थ इंडियावाले, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच सहा चर्च मिळून आपलं हे चर्च झालं, त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, पण होते, आणि चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, तर स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचंच मिशन होतं, त्यामुळे एपिस्कोपल, म्हणजे बिशप असलेलं अँग्लिकन परंपरेतलं चर्च, हे नाव आपल्याकडे काही नवीन नाही. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांच्या १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात प्रश्नोत्तरं आहेत, त्यात चर्चचे सेवक कोण असं विचारलंय आणि उत्तरात सगळ्यात आधी साधे सभासद येतात, मग बिशप, पाळक आणि डिकन, म्हणजे पाळकाच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक. त्यांच्याकडे पण हे सगळं एकदम नाही झालं. बायकांना त्यांच्या मोठ्या सभेत प्रतिनिधी म्हणून बसायला १९७० साल उजाडलं, पाळक व्हायची मंजुरी १९७६ ला मिळाली, आणि बार्बरा हॅरिस १९८९ मध्ये पहिल्या बाई बिशप झाल्या. आधी काम दिलं गेलं, मग लोकांच्या डोळ्याला सवय झाली.

आता लिस्टचं. सुरुवात माणसांच्या नावापासून करू नका, कामापासून करा. शनिवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत जे जे होतं ते सगळं वहीत उतरवा. किल्ली कोणाकडे, झाडणं, सतरंज्या, माठ भरणं, घंटा, प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी वाटून घ्यायच्या विधीच्या) टेबलावरचं कापड, मेणबत्त्या, गीतं काढून देणं, जुन्या करारातला पाठ, स्तोत्र, नव्या करारातलं पत्र, मध्यस्थीची म्हणजे दुसऱ्यांसाठी मागायची प्रार्थना, दान, दानाची मोजणी, रजिस्टर, जे आजारी आहेत त्यांच्या घरी जाणं. लिहायला घेतलं की कळतं कामं किती आहेत आणि ती किती कमी लोकांच्या अंगावर पडलीत. त्यानंतर दुसऱ्या पानावर मंडळीतल्या सगळ्यांची नावं, सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची, ज्या विधवा बाईला लग्नाच्या कामात पुढे येऊ देत नाहीत ती, नवऱ्याने सोडलेली, दुसऱ्या समाजातून लग्न करून आलेली सून, वीटभट्टीवर हंगामापुरतं आलेलं कुटुंब, कानाने कमी ऐकणारे काका, पुण्याला कामाला गेलेली आणि सणाला येणारी पोरं. आणि मग एकेका नावापुढे काम लिहा. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही त्याच्याकडे जाऊन विचारा, घरी बसून ठरवू नका की त्याला जमणार नाही.

सगळ्यात जास्त अडतं ते वाचनावर. 'मले वाचता येत नाही जी' म्हटलं की विषय संपतो आपल्याकडे, पण उपासनेत वाचन सोडून बोलायचं पण भरपूर असतं. स्तोत्र २३ कितीतरी आज्यांना तोंडपाठ आहे, ज्या रविवारी ते असेल त्या रविवारी आजींनाच उभं करा. आणि मध्यस्थीची प्रार्थना तर कागदाशिवायच जास्त चांगली होते. आमच्याकडे एक आजी ती करतात, आठवडाभर गावात फिरताना कोणाची तब्येत बिघडली, कोणाची बोअर आटली, कोणाचं पोरगं घरी नाही आलं, की पदराला एक गाठ मारतात, आणि रविवारी उभं राहून एकेक गाठ सोडत एकेका घरासाठी मागतात, शेवटची गाठ सुटली की आमेन. ख्रिस्ती नसलेल्या घरांची पण नावं त्यात असतात. ज्यांना वाचता येतं पण भीती वाटते त्यांना बुधवारीच पाठ द्या, मोठ्या अक्षरात झेरॉक्स काढून, आणि शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये एकदा मोठ्याने वाचून घ्या. वाचणाऱ्याची बोली वऱ्हाडी असेल तर असू द्या, मध्येच उच्चार सुधारत बसू नका, त्या माणसाने पुन्हा कधी उभं राहायचं की नाही हे तिथेच ठरतं.

टेबलाची तयारी हे काम आपल्याकडे गुपचूप बायकांच्या गळ्यात पडतं, एपिस्कोपल चर्चमध्ये त्यासाठी वेगळा गटच असतो, तसा करा आणि त्यात निदान दोन पुरुष घ्या. कापडावर मेण सांडलं तर गार होऊ द्या, नखाने खरवडा, मग वर खाली पेपर ठेवून कोमट इस्त्री फिरवा, मेण पेपरमध्ये येतं. पितळेचा क्रूस चिंचेने किंवा पितांबरीने घासा पण प्याल्याला ते लावू नका, विशेषतः आतून, मुलामा निघतो, त्याला गरम पाणी आणि थोडा साबण पुरे. प्रभुभोजनानंतर प्याला विसळलेलं पहिलं पाणी मोरीत नाही ओतायचं, बाहेर मातीत, झाडाच्या मुळाशी. रंगांचं एकदा शिकवून द्या, नाताळपूर्वीच्या आगमनकाळात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात जांभळा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा, पेंटेकॉस्टला लाल, बाकी बराच काळ हिरवा.

प्रभुभोजनाच्या प्याल्यात वाईन की साधा रस, हा प्रश्न आपल्या भागात महत्त्वाचा आहे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली, आणि बंदी असो नसो दारूने किती घरं मोडली ते गावात सगळ्यांना माहीत आहे. ज्याने मोठ्या कष्टाने सोडली त्याच्या ओठाला आपण वाईन लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. काळ्या मनुका रात्रभर भिजवा, त्याच पाण्यात उकळा, कुस्करून पातळ फडक्याने गाळा, झाला द्राक्षरस. पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा म्हणजे झालं. आणि प्याला एकच ठेवा. ज्या भागात पाणवठे वेगळे होते, कप वेगळे होते, तिथे एका प्याल्यातून सगळ्यांनी घेणं ही लहान गोष्ट नाहीये. आजारपणाची भीती असेल तर भाकर रसात बुडवून द्या, पण सगळ्यांना तसंच द्या, एकट्यादुकट्याला वेगळं नको. ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही ते पण पुढे येऊ शकतात, छातीवर हात बांधून उभे राहिले की पाळक आशीर्वाद देतात, हे दर वेळी उपासनेत मोठ्याने सांगा, नाहीतर ते लाजून मागेच राहतात. बाप्तिस्मा कधी घेणार असं खोदून विचारू नका.

ज्यांना पायरी चढता येत नाही त्यांच्यासाठी दारात उतार करा, ते काम एका शनिवारी होतं. उंचीच्या बारा पट लांबी हा हिशोब, म्हणजे सहा इंचाची पायरी असेल तर सहा फूट उतार, मुरूम टाकून वर सिमेंट, एका बाजूला पाईपचा कठडा. व्हीलचेअर कोपऱ्यात नको, बाक असतील तर मधल्या रांगेतला एक अर्धा कापा म्हणजे तो माणूस घरच्यांच्या शेजारी बसेल. आणि उतार फक्त दारापर्यंत करून थांबू नका, वाचायच्या स्टँडपर्यंत पण जाता आलं पाहिजे.

आता ज्या विषयावर सगळे गप्प होतात. तृतीयपंथी किंवा समलिंगी माणूस मंडळीत असतो, बहुतेक वेळा गावातलंच लेकरू असतं, ज्याचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झालेला असतो. सुप्रीम कोर्टाने २०१४ ला तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, आणि समलिंगी संबंध गुन्हा नाही हा ३७७ कलमाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये २००३ साली उघडपणे समलिंगी असलेले जीन रॉबिन्सन बिशप झाले, २०१५ पासून तिथे अशा जोडप्यांची लग्नं पण लागतात. आपल्याकडे लग्नाचा विषय कायद्यातच नाही आणि गावच्या कमिटीच्या हातात पण नाही, पण शास्त्रपाठ कोण वाचेल, दानाचं ताट कोण फिरवेल, हे पूर्ण आपल्या हातात आहे. कोणत्या नावाने हाक मारायची ते विचारा आणि लिस्टवर तेच नाव लिहा. त्याला उभं करून साक्ष द्यायला लावू नका, बदलण्यासाठी म्हणून डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू नका. बाकीच्यांना जसं घंटेचं काम देता तसंच द्या. कोणी कुरकुर केली तर कमिटीतल्या दोघांनी त्यांच्या घरी जाऊन बोलायचं, चर्चच्या दारात वाद घालायचा नाही.

दान मोजताना दोन माणसं पाहिजेत आणि ती एका घरची नको, दोघांच्या सह्या आणि रक्कम तिथल्या तिथे वाचून दाखवायची. कमिटीसाठी अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चची एक पद्धत चांगली आहे, बऱ्याच ठिकाणी तीन वर्षांची मुदत आणि दरवर्षी एक तृतीयांश सभासद बदलतात, म्हणजे जुने पण राहतात आणि नवीन पण येतात.

वेळ शेतीकडे बघून ठरवा. सोयाबीनची सोंगणी आणि कापूसवेचणी चालू असताना सकाळी नऊची उपासना ठेवली तर मजुरीला जाणाऱ्या बाया आपोआप वगळल्या जातात, त्या दिवसांत संध्याकाळी ठेवा. मे महिन्यात सकाळी सातला.

चर्चचं नवीन वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी लागतं, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला, तेव्हा सगळे कापसात असतात, म्हणून दिवाळीला बाहेरगावची पोरं गावात असतानाच मीटिंग घ्या आणि तीन महिन्यांची लिस्ट करा. प्रत्येक कामापुढे दोन नावं, एक करणारा आणि एक त्याच्यासोबत शिकणारा, म्हणजे एक आला नाही तर अडत नाही आणि तीन महिन्यांनी शिकणारा वर सरकतो. लिस्ट दाराजवळ लावा, व्हॉट्सॲपवर फोटो टाका, आणि ज्यांच्याकडे फोन नाही किंवा वाचता येत नाही त्यांना शनिवारी घरी जाऊन सांगा की उद्या तुमची पाळी आहे जी. हे सांगायला जाणं पण लिस्टमध्ये एक काम म्हणून लिहा, ते लहान पोरांना द्या, पोरं बरोबर जातात.