शाळेतली भुताची गोष्ट कशी लिहावी? नऊ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी

शाळेत सगळं मोजलेलं असतं. बाक, हजेरी क्रमांक, घंटेचे टोले, जुडग्यातल्या किल्ल्या. त्यामुळे शाळेतल्या भुताला पांढरी साडी आणि उलटे पाय लागत नाहीत. मोजताना एक जास्त भरला, की पोरांच्या पोटात गोळा येतो. पाचवी ते सातवीच्या वाचकांसाठी लिहायचं तर सुरुवात इथून करा.

एकच नियम मोडा

मुलं रोज न बोलता पाळतात असे दहा नियम कागदावर लिहून काढा. मधल्या सुट्टीत वर्गात थांबायचं नाही, दुसऱ्याच्या बाकावर बसायचं नाही, नंबर पुकारला की ‘हजर’ म्हणायचं, असे. त्यातला फक्त एक मोडा. एकाच गोष्टीत घंटाही आपोआप वाजली, सांगाडाही हलला आणि आरशातही कोणी दिसलं, तर वाचक घाबरायचं सोडून यादी करत बसतो.

मुंबईत तर आयता माल आहे. इथल्या कित्येक शाळा दोन पाळ्यांत भरतात. जो बाक सकाळी एकाचा, तोच दुपारी दुसऱ्याचा. समजा, सई सहावी ‘ब’मध्ये, दुपारच्या पाळीला आहे. हजेरी क्रमांक १७. बाकावर पेन्सिलीनं कोणीतरी लिहिलंय, ‘तुझा नंबर काय?’ ती खाली १७ लिहिते. दुसऱ्या दिवशी त्याखाली दोन शब्द: ‘माझापण तोच.’

भूत अजून आलेलं नाही. सकाळच्या पाळीतलं कोणीतरी असणार, असं सईलाही वाटतं आणि वाचकालाही. तसंच वाटायला हवं.

तीन पायऱ्या

पहिल्या घटनेला साधं कारण असावं, दुसरीला कारण असावं पण ते पटू नये, तिसरीला कारणच नसावं. सईची पहिली पायरी झाली. दुसरी अशी: ती मधल्या सुट्टीआधी प्रश्न लिहिते आणि डबा खाऊन येते, तर उत्तर तयार. वर्गातल्याच कोणी खोडी काढली असेल? असेलही. तिसरी: ती शिपाईमामांना विचारते, सकाळी आमच्या बाकावर कोण बसतं? मामा किल्ल्यांतून नजर न काढता म्हणतात, “सकाळी त्या वर्गाला कुलूप असतं. पट घसरला, तुकडी जूनमध्येच बंद झाली.” मराठी शाळांच्या तुकड्या बंद पडताना मुंबईतल्या मुलांनी पाहिल्यात. त्यामुळे हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

गोष्ट १६०० शब्दांची धरली तर सुरुवातीला २००, पहिल्या पायरीला २५०, दुसरीला ३५०, तिसरीला ४५० आणि शेवटाला ३५० शब्द द्या. नेहमीची चूक म्हणजे शाळेचं वर्णन करण्यातच पहिले ५०० शब्द खर्च होतात. चिंचेचं झाड, जुनी दगडी इमारत, अमावास्या. मुलं तिथेच पान उलटतात.

अंधार घड्याळ बघून आणा

दुपारची पाळी सहाच्या सुमारास सुटते. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य सहाच्या आसपासच मावळतो, जूनअखेरीला मात्र सव्वासातनंतर. तेव्हा पाळी सुटताना अंधार हवा असेल तर गोष्ट डिसेंबरात ठेवा. सकाळची पाळी हवी असेल तर जानेवारी घ्या. तेव्हा सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो. फक्त नायक पाचवीचा किंवा त्यापुढचा ठेवा, कारण चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा निर्णय २०२४ मध्ये झाला आहे.

‘इतक्यात लाइट गेली’ हे मुंबईत चालत नाही. इथे वीज इतकी क्वचित जाते की १२ ऑक्टोबर २०२० रोजी गेली तर देशभर बातमी झाली. त्यापेक्षा स्टार्टर बिघडलेली ट्यूब बरी. लुकलुकते, टकटक आवाज करते आणि प्रत्येक शाळेत एक तरी असतेच.

मूल एकटं पडायला कारण हवं: गॅदरिंगची तालीम, शिष्यवृत्तीचा जादा तास, विसरलेला डबा. पावसात अडकणंही चालेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कितीतरी मुलांनी रात्र शाळेत काढली. पण त्या दिवशी गेलेल्या खऱ्या माणसांची भुतं करू नका. खऱ्या शाळेचं नावही घालू नका. तिथे जाणारं मूल रात्री झोपणार नाही.

भूत कुठलं?

आपल्याकडे तोटा नाही. पिंपळावरचा मुंजा वयानं शाळकरीच. पाण्यातला गिऱ्हा टाकीजवळ शोभतो. पण शाळेच्या इमारतीला सगळ्यात चपखल बसतो तो चकवा: तिसरा मजला उतरला, पुन्हा तिसराच आला. कोणतंही घ्या, पण त्याला काय हवंय हे लिहायला बसण्याआधी ठरवा. सईच्या भुताला हजेरीत आपलं नाव लागायला हवंय, बस. रक्त, सूड, मेलेली आई यातलं काही लागत नाही.

वाक्यं

‘अचानक’, ‘भयाण’, ‘काळाकुट्ट’ हे शब्द शोधून खोडा. ‘सईला खूप भीती वाटली’ याऐवजी ‘सईनं खोडरबर उचलला, पण खोडलं नाही’ असं लिहा. करकर, सुळसुळ, टपटप यांतला एकच आवाज निवडा आणि गोष्टीत दोनदाच वापरा. मराठी माध्यमाची शाळा असेल तर ‘बाई’, इंग्रजी माध्यमाची असेल तर ‘टीचर’. यात गल्लत झाली की मूल लगेच पकडतं.

शेवट

‘आणि ती जागी झाली’ हा शेवट म्हणजे वाचकाची फसवणूक. मूल सुखरूप घरी पोचलं पाहिजे, मात्र एक खूण मागे राहावी. बाई सतरा नंबर पुकारतात. सई मुद्दाम गप्प राहते. शेजारून कोणीतरी हळूच ‘हजर’ म्हणतं. मग ती स्वतःचं म्हणते. बाई न बघता खूण करतात, आणि सतराच्या चौकोनात दोन खुणा होतात.

लिहून झालं की पाच-सहा मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा. १६०० शब्दांना साधारण तेरा मिनिटं लागतात. मुलं जिथे चुळबुळ करतील तिथे समासात रेघ मारा. ती रेघ बहुधा दुसऱ्या पायरीत पडेल. तिथले पन्नास शब्द कापा आणि वेगळ्या मुलांना पुन्हा वाचून दाखवा.