पावसात दार अडकतंय? लगेच रंधा मारू नका
जून लागला की गोव्यात लाकडी दारं फुगतात. पण आधी वरची बिजागरी बघा. तिचे स्क्रू ढिले झाले की दार झुकतं आणि दोष पावसाला जातो. भोक मोठं झालं असेल तर गूल काढलेल्या काडेपेटीच्या दोन-तीन काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोका, रात्रभर सुकू द्या, मग स्क्रू आवळा. किनाऱ्याजवळच्या घरात लोखंडी स्क्रू लवकर गंजतात, स्टेनलेसचे घ्या.

तरीही घासतंय? चौकटीला खडू फासा, दार एकदा लावून उघडा. दारावर खडू उमटेल तीच जागा. तिथे तूर्त मेणबत्ती घासा. हे काम मुलांकडे द्या. रंधा दिवाळीनंतरच. ओलं, फुगलेलं लाकूड तासलं तर एप्रिलमध्ये फटीतून पाली येतील!

तासताना बाजूला 2-3 मिमी फट पुरे. दार उतरवताना खाली पाचर सरकवा, एकाने धरा, खालची बिजागरी आधी सोडा, वरची शेवटी. तासलेली कड आणि दाराची वरची-खालची कड यांना वार्निशचे दोन हात द्या. खालची कड सुतारही विसरतात, आणि ओल शिरते ती तिथूनच.