अमेरिकेची राज्यघटना आणि तत्त्वज्ञ : लिहिताना या चुका टाळा

इंग्रज तत्त्वज्ञ लॉकने हक्क दिले, फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने सत्ताविभाजन दिलं आणि १७८७ साली फिलाडेल्फियात जमलेल्यांनी ते घटनेत उतरवलं, असं अमेरिकी संघराज्याबद्दल सर्रास लिहिलं जातं. या मांडणीत तेव्हाचा खरा वाद पार पुसला जातो, म्हणून ती सोडायला हवी.

सर्वांत जास्त घोळ माँतेस्क्यूच्या बाबतीत होतो. गणराज्य लहान प्रदेशातच टिकतं, असं त्याने १७४८च्या ग्रंथात म्हटलं होतं. घटनेच्या विरोधकांनी नेमकं तेच उचललं. ऑक्टोबर १७८७ मध्ये ‘ब्रुटस’ या टोपणनावाने लिहिणाऱ्याने त्याचाच दाखला देऊन एवढ्या विस्तीर्ण देशातल्या एकसंध गणराज्याला हरकत घेतली. ‘फेडरलिस्ट’ या घटनेच्या बाजूने लिहिलेल्या लेखमालेच्या नवव्या लेखात घटनेचा समर्थक हॅमिल्टनने उत्तर दिलं, तेही माँतेस्क्यूच्याच आधाराने. लहान गणराज्यांनी संघ करून मोठ्या राज्याचं बळ मिळवावं, हेही त्याच ग्रंथात आहे. शिवाय उत्तम नमुना म्हणून प्राचीन लिशियाचा (आजच्या तुर्कस्तानातला प्रदेश) संघ दिला आहे. तिथे २३ नगरं होती. संघाच्या सभेत मोठ्यांना ३ मतं, मधल्यांना २, लहानांना १. नगरांचे न्यायाधीश आणि अधिकारीसुद्धा संघाची सभाच नेमत असे. मग संघातल्या घटक राज्यांना समान मत हवं आणि संघाने त्यांच्या अंतर्गत कारभारात पडू नये, या विरोधकांच्या अटी आल्या कुठून, असा हॅमिल्टनचा रोख होता. म्हणून ‘माँतेस्क्यूचा प्रभाव’ एवढंच लिहून थांबू नका. त्याचा कोणता विचार, कोणी आणि कोणाविरुद्ध वापरला, ते सांगा.

याच लेखमालेचा दुसरा लेखक मॅडिसन तर त्याही पुढे गेला. देश मोठा असेल तर हितसंबंध इतके विविध होतात की एकाच गटाला बहुमत जमवून इतरांना चिरडणं अवघड जातं, असं त्याने दहाव्या लेखात मांडलं. मोठ्या गणराज्याची बाजू स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७५२च्या एका निबंधात घेतली होती. मात्र दहाव्या लेखात ह्यूमचं नाव नाही. तेव्हा साम्य जरूर दाखवा, पण उसनवारी सिद्ध झाल्यासारखं लिहू नका.

सत्ताविभाजन म्हणजे कायदेमंडळ, कार्यपालिका आणि न्यायपालिका या तिन्ही शाखांमध्ये पक्की भिंत, हा समजही चुकीचा. सत्तेचाळिसाव्या लेखात मॅडिसन दाखवतो, की माँतेस्क्यूसमोर ब्रिटनची व्यवस्था होती आणि तिथेही शाखा एकमेकींत गुंतलेल्या होत्या. एका शाखेची सगळी सत्ता दुसरीची सगळी सत्ता असणाऱ्याच हाती जाऊ नये, एवढाच माँतेस्क्यूचा आग्रह, असं मॅडिसनचं म्हणणं. राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार आणि करारांना लागणारी सिनेटची संमती या चौकटीत सहज बसतात.

शेवटची चूक म्हणजे प्रत्येक कलमामागे तत्त्वज्ञ शोधणं. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, प्रत्येक राज्याला समान जागा हा १६ जुलै १७८७च्या तडजोडीचा भाग होता. मॅडिसनचा त्याला विरोध होता. प्रतिनिधित्व ठरवताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरली गेली, ती दक्षिणेकडच्या राज्यांशी झालेल्या सौद्यातून. तिला लॉक किंवा माँतेस्क्यूच्या नावाखाली झाकू नका.