गोपनीय नस्त्या आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : किनारपट्टीवरील कार्यालयांसाठी कार्यपद्धती

गोपनीय शाखेतील कागद कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हाती देण्यापूर्वी त्याची श्रेणी पाहावी. अतिगोपनीय आणि गुप्त कागद इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर मुळीच आणू नयेत. फुकटच्या चॅटबॉटमध्ये तर गोपनीय किंवा मर्यादित श्रेणीचा मजकूरही टाकू नये, कारण तो दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर अशी साधने वापरणे टाळावे, असे कर्मचाऱ्यांना कळवले ते याच कारणासाठी. मसुदा सुधारून घेण्याचा हेतू कितीही चांगला असला तरी, शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ च्या कलम ५ खाली कागदाची वाजवी काळजी न घेणे हाही गुन्हा आहे.

म्हणून सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी मंजुरी घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणालीच शाखेच्या खोलीत आणावी. उतरवून घेता येणारी भाषा-प्रारूपे, म्हणजे चॅटबॉटच्या मागे चालणाऱ्या प्रणाली, इंटरनेटशिवायही चालतात. त्या संगणकाचे वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे. वीज गेल्यावर संगणक चालू ठेवणाऱ्या यूपीएसवर मात्र काटकसर करू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडमधील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, आणि अशा वेळी ‘तेवढी एक फाइल’ पेनड्राइव्हवर घालून दुसरीकडे नेण्याचा मोह होतो.

आपल्याकडे पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, तेव्हा जुन्या नस्त्या (फायली) स्कॅन करण्याची घाई असते. स्कॅनरच्या आतही प्रती साठून राहू शकतात, त्यामुळे तो खोलीबाहेर जाऊ देऊ नये. हस्तलिखित टिपणीतील १ आणि ९ यांची यंत्राकडून गल्लत होते. तारखा आणि नौकांचे क्रमांक मूळ कागदाशी ताडून पाहावेत.

खरी काळजी शोधप्रणालीची, म्हणजे प्रश्न विचारल्यावर नस्त्यांतून कागद शोधून उत्तर तयार करणाऱ्या भागाची घ्यावी. कोणाला कोणती नस्ती पाहता येते, याची तपासणी प्रणालीने कागद शोधण्याआधी करावी. उत्तर तयार झाल्यावर त्यातील ओळी लपवण्यात अर्थ नाही. सर्व नस्त्यांवरून तयार झालेल्या अनुक्रमणिकेला त्यातील सर्वोच्च श्रेणीच्या कागदाचीच श्रेणी द्यावी. गस्ती नौकेच्या दुरुस्तीचे पत्र, कर्मचाऱ्यांची रजा-यादी आणि एखाद्या जेट्टीवरील बंद दिव्याची तक्रार, हे तिन्ही कागद सुटे पाहिले तर साधे आहेत. पण यंत्राने ते एका परिच्छेदात जोडले की कोणत्या रात्री कोणता किनारा उघडा आहे, हे लिहून दिल्यासारखे होते. १९९३ मध्ये मुंबईतील बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके रायगडमधील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती. त्या किनाऱ्यावर काम करणाऱ्यांना ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी. त्यामुळे यंत्राने दिलेला प्रत्येक गोषवारा नवा कागद समजावा आणि त्याला नव्याने श्रेणी द्यावी. विचारलेले प्रश्नही बारनिशीप्रमाणे (आवक-जावक नोंदवहीप्रमाणे) तारीख, वेळ आणि नावानिशी नोंदवावेत, कारण प्रश्नावरूनही बरेच कळते.

श्रेणी सुचवण्याचे काम यंत्राला देता येते, ठरवण्याचे नाही. सही अधिकाऱ्याचीच हवी. सरसकट ‘गोपनीय’ शिक्का मारण्याची सवय मला तितकीच घातक वाटते, कारण मच्छीमार सोसायटीला मिळायला हवी ती माहितीही त्याच कपाटात जाऊन पडते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम १० नुसार वगळण्याजोगा भाग वेगळा काढून उरलेला देता येतो, आणि असा भाग शोधून खूण करण्यात यंत्राची फार मदत होते. मात्र पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर तसाच राहतो. तो निवडून दुसरीकडे चिकटवला की अक्षर न् अक्षर वाचता येते. पट्टी मारलेली प्रत छापून, हाताने तपासून, पुन्हा स्कॅन करावी आणि तीच अर्जदाराला द्यावी.

दर तीन महिन्यांनी एक बनावट नस्ती गुप्त श्रेणीत ठेवून, ती पाहण्याचा अधिकार नसलेल्या लिपिकाच्या खात्यावरून तिच्याविषयी प्रश्न विचारून पाहावा. उत्तरात त्या नस्तीचा नुसता विषय जरी आला, तरी प्रणाली त्याच दिवशी बंद करून अधिकारांची मांडणी पुन्हा तपासावी.