गाडीचा स्टिरिओ घरच्या लाईटवर चालवायचाय? आधी अँपिअर बघा

गाडीतून काढलेला स्टिरिओ घरात पडून असेल तर तो घरच्या लाईटवर मस्त वाजतो, फक्त थेट बोर्डात लावायचा नाही हां. गाडीत सगळं १२ व्होल्ट डीसीवर चालतं, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ पर्यंत जातं, आणि घरात येते ती एसी, म्हणून मधे एसएमपीएस, म्हणजे घरच्या एसीचं १२ व्होल्ट डीसी करून देणारा सप्लाय, लागतो.

व्होल्ट जुळवणं सोपंय, लोक फसतात ते अँपिअरमधे, म्हणजे सप्लाय किती करंट देऊ शकतो त्यात. खोक्यावर छापलेले वॅट सोडून द्या, ती जाहिरात असते, स्टिरिओच्या मागचा फ्यूज बघा. तो १० चा असेल तर १२ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय घ्या, झालं काम. राउटरचा एक-दीड अँपिअरवाला अडॅप्टर लावला तर डिस्प्ले लागतो, गाणंही सुरू होतं, पण आवाज वाढवला आणि बास आला की सेट बंद पडून परत चालू होतो, आणि मग सगळे म्हणतात सेटच गेलाय. लॅपटॉपचा अडॅप्टर तर नकोच, तो बहुतेक १९ व्होल्टच्या आसपास असतो. साधा बॅटरी चार्जरही नको, त्याचा डीसी स्वच्छ नसतो, स्पीकरमधून घुं आवाज येत राहतो.

एलईडी पट्ट्यांना लावतात तो जाळीच्या पत्र्याचा एसएमपीएस यासाठी बेस्ट. त्यावर ११०/२३० चा स्विच असेल तर प्लग लावायच्या आधी तो बघून घ्या, अर्थिंगची वायर जोडाच, आणि एसीचे स्क्रू उघडे ठेवू नका, तिथे हात लागला तर जीवावर बेतेल. बाजूला व्होल्ट कमीजास्त करायचा छोटा स्क्रू असतो, मल्टिमीटर लावून १३.५ व्होल्टच्या आसपास आणला तर अजून बरं.

आता वायरी. बाजारातल्या बऱ्याच सेटना पिवळी म्हणजे मेमरीची, लाल चावीची, काळी मायनस. पिवळी आणि लाल दोन्ही प्लसला जोडा, नुसती पिवळी जोडून सेट चालू होत नाही आणि नुसती लाल जोडली तर बऱ्याच सेटची सेटिंग दरवेळी उडते. प्लसच्या वायरीत सप्लायजवळ फ्यूज टाका. निळी-पांढरी वायर वेगळ्या अँपला (अँप्लिफायरला) चालू करायचा सिग्नल देते, तिला प्लस द्यायचा नाही, अँप नसेल तर टेप गुंडाळून सोडून द्या. स्पीकरच्या मायनस वायरी एकत्र करून काळ्याला जोडायचा मोह होतो, तो आवरा, सेटचा आतला अँप उडू शकतो. कंपनी फिटिंगच्या सेटला हे रंग लागू होतीलच असं नाही, स्टिकर वाचा.

कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस असेल तर मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो, १२ व्होल्ट पिवळ्यावर मिळतात. अगदी जुन्या मॉडेलमधे ५ व्होल्टच्या लाल वायरीवर थोडा लोड नसेल तर १२ खाली बसतात, तेवढं बघा.

वेगळा अँप आणि सबवूफर असेल तर मात्र गणित बदलतं. खरे ४०० वॅट देणारा क्लास एबी प्रकारचा (बरीच वीज उष्णतेत घालवणारा) अँप फुल आवाजात ७०० च्या वर वॅट ओढतो, म्हणजे ५० च्या वर अँपिअर, आणि रिमोट टर्मिनललाही (अँप चालू करायचा सिग्नल जिथे जोडतात तिथे) १२ व्होल्ट लागतात ते वेगळंच. एवढा सप्लाय, जाड केबल, फॅनचा आवाज, हे सगळं करण्यापेक्षा अँप गाडीतच राहू द्या आणि सबवूफर घरच्या अँपवर लावा, फक्त त्याचा ओहम (म्हणजे विजेला होणारा रोध) आधी तपासून घ्या, गाडीचे सब २ ओहमचेही असतात आणि ते घरच्या बऱ्याच अँपला झेपत नाहीत.