‘पडलो’ आणि ‘पडायलो’ : दीर्घ मुलाखत घेताना या चुका टाळा

पाऊस ओसरू लागला की कोल्हापुरात दिवाळी अंकांची धावपळ सुरू होते आणि लेखकांच्या, विचारवंतांच्या, चळवळीत हयात घालवलेल्या कार्यकर्त्यांच्या दीर्घ मुलाखतींची बाडे तपासण्यासाठी माझ्या टेबलावर येऊ लागतात. मी पूर्वी मुलाखती घेत असे, अजूनही अधूनमधून घेतो. पण आता माझा बराचसा वेळ इतरांनी घेतलेल्या मुलाखती दुरुस्त करण्यात जातो. मुलाखतकार दरवर्षी नवे असतात, चुका मात्र गेल्या वर्षीच्याच असतात. त्यांतल्या काहींबद्दल पुन्हा पुन्हा तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली चूक न वाचता जाण्याची. यावर फार लिहिण्याचीही लाज वाटते, परंतु ज्याच्या घरी तीन दिवस जाऊन बसायचे आहे त्याचे एकच गाजलेले पुस्तक, तेही मलपृष्ठावरील मजकुरापुरते, वाचून गेलेले मुलाखतकार मी पाहिले आहेत. वि. स. खांडेकरांचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे त्यांचे नाव निघाले की बोलणे ज्ञानपीठ मिळालेल्या कादंबरीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मात्र १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे हा माणूस शिरोड्याच्या शाळेत शिकवत होता आणि कोल्हापुरात आल्यानंतर चित्रपटांच्या कथाही लिहीत होता, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे विचारण्यासारखे काहीतरी असते. लेखकाला त्याच्या यशाबद्दल विचारले तर तो आधी पन्नास वेळा दिलेले उत्तर देतो. ज्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही त्याबद्दल विचारले तर तो खुर्चीत पुढे सरकतो. माझी सवय अशी की, भेटीच्या आधी निदान पंधरा दिवस करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसायचे. १८५० सालापासून चालत आलेल्या या ग्रंथालयात जे मिळत नाही ते विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात शोधायचे, आणि त्या माणसाने तरुणपणी कुठल्या तरी नियतकालिकात लिहिलेला एखादा विसरलेला लेख हाती लागल्याशिवाय फोन करून वेळ मागायची नाही. ‘इंटरनेटवर सगळे मिळते’ असे सांगणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

दुसरी चूक खास आपल्या गावची आहे. राजकीय विचारवंताची मुलाखत असली की पहिला प्रश्न ‘शाहूंच्या नगरीत वाढल्याचा आपल्या विचारांवर काय परिणाम झाला?’ असा ठरलेलाच असतो. या प्रश्नाला भाषण सोडून दुसरे काही उत्तर असू शकत नाही. त्याऐवजी नेमक्या गोष्टीला हात घालावा. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी काढलेल्या आज्ञेत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांना राखून ठेवण्याचा हुकूम होता. तो मजकूर तुम्ही प्रथम कुठे वाचला, तेव्हा तुमच्या घरात नोकरी कुणाला होती, कुणाला मिळाली नव्हती, असे विचारून पाहा. माणूस मग आपल्या वडिलांबद्दल बोलू लागतो आणि विचार कुठून आला ते आपोआप दिसते. ‘तुम्ही मार्क्सवादी की आंबेडकरवादी?’ हा प्रश्नही त्याच पठडीतला. ज्याने दोन्हींशी चाळीस वर्षे झटापट केली त्याला एका शब्दात उत्तर द्यायला लावणे हा त्याचा अपमान आहे. बिंदू चौकात या, होऊन जाऊ दे समोरासमोर, ही आपल्या राजकारणातली जुनी आणि मला आवडणारी रीत आहे. पण मुलाखत घेणाऱ्याने तो आव घरच्या बैठकीत आणू नये. तिथे समोरच्याला हरवून काही हाती लागत नाही.

प्रश्नांचा कागद हातात धरून बसू नये. उत्तर संपले असे वाटल्यावर मी चहाचा कप उचलतो, मग तो रिकामा असला तरी चालेल, आणि तो खाली ठेवेपर्यंत काही बोलत नाही. एवढ्या वेळात खरे उत्तर सुरू होते, असा माझा अनुभव आहे. नवशिक्यांना ही शांतता सहन होत नाही आणि ते घाईघाईने प्रश्न क्रमांक सातकडे वळतात.

आता आठवण आणि तारखा यांविषयी. हा विषय मला थोडा सविस्तर मांडायचा आहे, कारण यात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. हातकणंगले तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांची, म्हणजेच एका ग्रामीण कथाकाराची, मुलाखत मी घेत होतो. गुरुजी आणीबाणीबद्दल सांगू लागले. दुर्गाबाई भागवतांचे अध्यक्षीय भाषण आपण इचलकरंजीच्या साहित्य संमेलनात ऐकले, सायकलवरून गेलो होतो, जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी त्यांनी प्रार्थना करायला सांगितली तेव्हा अंगावर काटा आला, असे ते रंगून सांगत होते. मी चांगला अभ्यास करून गेलो होतो आणि तीच माझी अडचण झाली. मी मध्येच म्हणालो, ‘‘गुरुजी, ते कराडला. डिसेंबर १९७५. इचलकरंजीचं संमेलन त्याच्या आदल्या वर्षीचं, तिथं पु. ल. अध्यक्ष होते.’’

ते थांबले. ‘‘असंल,’’ म्हणाले. त्यानंतरच्या दीड तासात त्यांनी दिलेल्या प्रत्येक उत्तराच्या शेवटी ‘‘तुम्ही बघा, पुस्तकात असंल,’’ हे वाक्य होते. माझी तारीख बरोबर होती आणि मुलाखत मेली होती.

पुढे महिन्याभराने ध्वनिमुद्रणाची प्रत द्यायला गेलो तेव्हा गुरुजी घरी नव्हते आणि काकूंनी मला बसवून घेतले. १९७४ साली दोन सायकलींवर तिघे मित्र पु. लं.ना ऐकायला इचलकरंजीला गेले होते, हे त्यांनी सांगितले. कराडला गुरुजी पुढच्या वर्षी एकटे गेले, एस.टी.ने. सरकारी पगारावरचा मास्तर, त्यात देशात आणीबाणी, म्हणून घरी दुसऱ्याच गावाला जातो असे सांगून गेले होते, आणि परत आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. दोन संमेलनांच्या मध्ये २५ जून १९७५ ही तारीख उभी होती, आणि सायकलीवरचा मोकळा प्रवास व एस.टी.तला चोरटा प्रवास यांची त्यांच्या मनात एकच आठवण झाली होती. मुलाखतीत यायला हवे होते ते हे. मी मध्ये बोललो नसतो तर कदाचित त्यांच्याच तोंडून आले असते.

तेव्हापासून मी वहीत फक्त एक फुली मारतो. वेळ टिपतो, तोंड बंद ठेवतो आणि दुसऱ्या बैठकीत आडून विचारतो: कसे गेलात, बरोबर कोण होते, रात्री कुठे मुक्काम केला, थंडी होती का? प्रवासाचे तपशील विचारले की वर्ष सहसा आपोआप जागेवर येते. नाहीच आले, तर बोललेले वाक्य तसेच ठेवून खाली टीप द्यावी. न तपासता चुकीचे साल छापणे ही मात्र याच्या उलट टोकाची चूक आहे आणि तिला माझ्याकडे क्षमा नाही, कारण दहा वर्षांनी कुणीतरी विद्यार्थी तेच साल प्रबंधात उचलतो.

काही चुका एकेका वाक्यात आटोपतील अशा आहेत. बैठकीच्या आधी डोक्यावरचा पंखा बंद करण्याची परवानगी मागावी आणि कुकरच्या शिट्ट्या होऊन जाऊ द्याव्यात. मोबाइलवर मुद्रण करत असाल तर फोन विमान मोडवर टाकावा, आणि दुसरे यंत्र सोबत असलेच पाहिजे. छायाचित्रे शेवटच्या दिवशी काढावीत, कारण कॅमेरा पाहिला की माणूस सदरा बदलतो आणि सदऱ्याबरोबर भाषाही बदलतो. घरातले कुणी शेजारी बसून उत्तरे देऊ लागले तर त्यांची वेगळी मुलाखत घेतो असे सांगावे आणि ती खरोखर घ्यावी. ‘हे छापू नका’ असे म्हटल्यावर यंत्र बंद करावे. नुसते बंद केल्यासारखे करणारे महाभाग मला माहीत आहेत.

सर्वांत मोठी चूक मात्र मुलाखत संपल्यावर, शब्दांकन करताना होते. आपल्याकडचा माणूस बोलतो कोल्हापुरीत आणि छापून येतो सदाशिव पेठेतल्यासारखा. याला ‘भाषा सुधारणे’ म्हणतात. या सुधारणेची किंमत मी एकदा पाहिली आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. शिवाजी पेठेत राहणारे एक वृद्ध डावे कार्यकर्ते होते. पुस्तिका लिहिणारे, आयुष्यभर गिरण्यांच्या आणि शेतमजुरांच्या प्रश्नांवर बोलणारे. तीन बैठका झाल्या, सहा तासांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि शब्दांकन एका हुशार पण घाईत असलेल्या मुलाकडे गेले. ते तपासण्याची जबाबदारी माझी होती. एका ठिकाणी ते म्हणाले होते, ‘‘मी तवा पक्षातनं बाहेर पडायलो होतो.’’ शब्दांकनात वाक्य आले: ‘मी तेव्हा पक्षातून बाहेर पडलो होतो.’ मी ते वाचले, शुद्ध वाटले, पुढे गेलो. मूळ ध्वनिफीत ऐकली नाही.

कोल्हापूरच्या वाचकाला फरक सांगायला नको. ‘जेवायलोय’ म्हणजे जेवतो आहे, ‘बाहेर पडायलो होतो’ म्हणजे बाहेर पडण्याच्या वाटेवर होतो, अजून आत होतो. त्या ‘यलो’मध्ये त्यांची जवळजवळ दोन वर्षे होती. राजीनाम्याचा कागद खिशात घेऊन ते बैठकांना जात होते, भांडत होते, रात्री घरी येऊन तो कागद पुन्हा ट्रंकेत ठेवत होते. आम्ही एका फटक्यात त्यांना पक्षाबाहेर काढून टाकले. अंक प्रसिद्ध झाल्यावर त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने संपादकांना लिहिले की, याच काळातल्या पत्रकावर यांची सभासद म्हणून सही आहे, मग खरे कोणते? ऐंशी ओलांडलेला माणूस आमच्यामुळे खोटा ठरला. ते माझ्यावर रागावले नाहीत. फोनवर एवढेच विचारले, ‘‘ह्ये वाक्य कुणाचं हाय?’’ शुद्धिपत्र छापले, पण दिवाळी अंकातली चूक पुढच्या दिवाळीलाच दुरुस्त होते. मधले वर्ष त्यांना लोकांना समजावण्यात घालवावे लागले.

आता बोलणे ऐकून आपोआप अक्षरे उमटवणारी साधने आली आहेत आणि तरुण मंडळी ती अभिमानाने दाखवतात. वापरावीत, माझी ना नाही. परंतु ‘पडायलो’चे ‘पडलो’ करण्याचे काम ती साधने त्या मुलाहून जलद करतील, एवढे ध्यानात असू द्यावे. मी अजून हाताने उतरवतो. वहीच्या उजव्या पानावर बोलणे, जसेच्या तसे, अडखळण्यासकट. डावे पान शंकांसाठी कोरे. एका तासाच्या बोलण्याला मला पाच ते सहा तास लागतात. पहिल्या वेळी स्वल्पविरामदेखील देत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना विरामचिन्हे घालतो आणि प्रत्येक क्रियापद पुन्हा तपासतो. क्रियापदाला हात लावायचा नाही, हा एकच नियम मी इतरांवरही लादतो.

याचा अर्थ प्रत्येक उच्चार टिपून माणसाला सोंगाड्या करावा असा नाही. दुसऱ्या टोकाचे काही उत्साही लोक ‘हाय’, ‘न्हाई’, ‘त्येनं’ अशी पानेच्या पाने छापतात आणि पुण्या-मुंबईचा वाचक हसत सुटतो. उच्चार प्रमाण लिहिले तरी चालतात. क्रियापद, वाक्याचा क्रम, म्हण आणि शिवी त्याचीच असावी. शिवाय आपले बहुतेक विचारवंत दोन भाषा बोलतात. सिद्धान्त सांगताना ते व्यासपीठावरची मराठी वापरतात आणि आईबद्दल, तुरुंगाबद्दल, मोडलेल्या मैत्रीबद्दल बोलू लागले की घरच्या बोलीवर येतात. तो बदल कोणत्या शब्दाला झाला ते मी डाव्या पानावर लिहून ठेवतो, कारण पुढचा प्रश्न बहुधा तिथेच सापडतो. सगळे एकाच इस्त्रीखाली घातले की ही खूणच पुसली जाते.

शब्दांकन झाल्यावर ते दाखवावे की नाही, यावर मतभेद आहेत. मी दाखवत नाही, वाचून दाखवतो. कागद हातात दिला की लेखक त्याचे संपादन करू लागतो आणि आपलेच बोलणे अग्रलेखासारखे करून परत पाठवतो. समोर बसून मोठ्याने वाचले की तो फक्त चुकीच्या जागी थांबवतो. शिवाजी पेठेतल्या त्या घरीही मी नंतर असाच गेलो, छापील अंक आणि मूळ ध्वनिमुद्रण दोन्ही घेऊन. त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला आणि ‘‘पडायलो’’ला हात वर करून थांबवले. ती फीत मी त्यांच्या मुलाकडे दिली. पाकिटावर तारीख, जागा आणि बोलणाऱ्यांची नावे लिहिलेली आहेत, आणि त्यांच्या सांगण्यावरून त्या वाक्याचे मिनिट व सेकंदही.