फौजेतल्या मेडलची नोंद दुरुस्त करण्यासाठी अर्ज टाकण्याआधी

अर्ज लिहायला घेण्याआधी एका कोऱ्या कागदावर दोन गोष्टी लिहा. ज्या काळातलं मेडल आहे त्या काळात तुम्ही कुठल्या युनिटच्या नफरीत, म्हणजे माणसांच्या यादीत, होता, आणि प्रत्यक्षात कुठल्या युनिटबरोबर राहत होता. दोन्ही ठिकाणी एकच नाव आलं तर पुढचं काम बरंच सोपं आहे. नावं वेगळी आली तर अटॅचमेंटचा, म्हणजे दुसऱ्या युनिटला तात्पुरतं जोडून दिल्याचा, पुरावा हातात आल्याशिवाय अर्ज पाकिटात घालू नका. वडिलांच्या अर्जाला आम्ही बाकी सगळं जोडलं होतं, एवढंच राहिलं. उत्तरात दोन ओळी आल्या: उपलब्ध कागदपत्रांत अशी नोंद आढळत नाही.

एवढ्याशा गोष्टीवर सगळं का अडतं, ते समजून घ्या. सेवेची मेडल ठिकाण आणि काळ पाहून मिळतात. १९९९चंच घ्या. कारगिल, द्रास, बटालिक या भागात मोहिमेत प्रत्यक्ष असलेल्यांना ऑपरेशन विजय स्टार, आणि त्याच काळात जम्मू-काश्मीर, पंजाब, राजस्थान, गुजरातच्या सीमेवर तैनात असलेल्यांना ऑपरेशन विजय मेडल. १९७१च्या पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडलचं, १९६५च्या समर सेवा स्टार आणि रक्षा मेडलचं तसंच: स्टारचा प्रदेश आखीव, मेडलची व्याप्ती मोठी. आता तोफखान्याच्या ओपी पार्टीतला, म्हणजे गोळे कुठे पडायला हवेत ते पुढून बघून सांगणाऱ्या टोळीतला, जवान धरा. तोफा मागे, आणि हा इन्फंट्रीच्या कंपनीबरोबर पुढे डोंगरावर. सिग्नलचा रेडिओ ऑपरेटर, मेडिकलचा नर्सिंग असिस्टंट, ईएमईचा (फौजेची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचा) मेकॅनिक, दुसऱ्या युनिटला दिलेला ड्रायव्हर, या सगळ्यांचं हेच. मेडलसाठी नावांची यादी बनते तेव्हा मूळ युनिटला वाटतं की ज्यांच्याकडे माणूस आहे ते नाव देतील, आणि त्यांना वाटतं की ज्यांचा आहे ते देतील. नाव दोन्हीकडून सुटतं. पुढे रेकॉर्ड ऑफिसमधला, म्हणजे सैनिकांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयातला, क्लार्क फक्त मूळ युनिट त्या वेळी कुठे होतं तेवढं बघतो, आणि त्याच्या समोरच्या कागदाप्रमाणे त्याचं बरोबरच असतं. म्हणून पुरावा तुम्हीच द्यायचा.

मग नेमकं काय चुकलंय ते ठरवा. नोंद आहे पण मेडल हातात मिळालंच नाही, ही एक गोष्ट. मेडल मिळालं पण डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना मिळणाऱ्या सेवेच्या पुस्तिकेत) चढलं नाही, ही दुसरी. स्टारऐवजी मेडल लागलंय, किंवा सैन्य सेवा मेडल आहे पण जम्मू-काश्मीरची क्लास्प (मेडलच्या फितीवरची ठिकाणाच्या नावाची पट्टी) नोंदलेली नाही, ही तिसरी. मिळालेलं मेडल हरवलं असेल तर ती दुरुस्ती नव्हे. त्याला पोलिसांतली तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि पैसे भरून दुय्यम प्रत असा वेगळा रस्ता आहे. अर्जात यातलं एकच लिहा, पहिल्या परिच्छेदात, मेडलचं पूर्ण नाव घालून. "सर्व देय मेडल मिळावीत" असं मोघम लिहू नका. मोघम अर्जाला मोघमच उत्तर येतं.

शौर्यपदकाचा विषय यात घुसडू नका. साहेबांनी शिफारस केली होती पण पुढे काही झालं नाही, हे दुःख खरं असतं. मी ते अनेक घरांत ऐकलंय. पण रेकॉर्ड ऑफिस तो निर्णय घेत नाही. शौर्यपदकं राजपत्रात जाहीर होतात. तिथे नाव असून सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नसेल तर राजपत्राची प्रत जोडा, काम होण्यासारखं आहे. नाव नसेल तर या अर्जात त्याचा एक शब्दही नको. जखमेमुळे मिळणारं पराक्रम पदकही वेगळं ठेवा, त्याला हॉस्पिटलचे कागद लागतात. पेन्शनची तक्रार वेगळी, बायकोच्या नावाची दुरुस्ती वेगळी. एका अर्जात चार विषय घातले की तो चार टेबलांवर फिरतो आणि कुठल्याच टेबलाचा राहत नाही.

आता कागद. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र, आधार: हे तुम्हाला ठाऊकच आहे. डिस्चार्ज बुकाची मात्र सगळी पानं झेरॉक्स करा, कोरी दिसणारीसुद्धा. आणि बुक लॅमिनेट करू नका. पुढे त्यात नवी नोंद आणि शिक्का चढायचा आहे, प्लास्टिकवर तो कुठे मारणार?

सर्व्हिस नंबर शेवटच्या अक्षरासकट लिहा. जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) होऊन रिटायर झालेल्यांनी दोन्ही नंबर द्यायचे, जवान असतानाचा आणि जेसीचा. मेडल शिपाई किंवा नायक असतानाच्या काळातलं असतं आणि त्या वेळचे कागद जुन्या नंबरावर असतात, हे विसरायला होतं. नावाचंही आपल्याकडे फार होतं. फौजेत कुणी आडनाव आधी लिहिलेलं, कुणी आडनावच नाही, नुसतं स्वतःचं आणि वडिलांचं नाव, आणि आधारवर तीन शब्दांचं मराठी पद्धतीचं पूर्ण नाव. अर्जावर डिस्चार्ज बुकात आहे तसंच नाव घाला, स्पेलिंग चुकीचं असलं तरी तेच. खाली एका ओळीत लिहा की आधारवर नाव असं आहे आणि व्यक्ती एकच.

पुढची गोष्ट बरेच जण टाळतात: आपल्या रेकॉर्डमध्ये आज काय लिहिलंय ते आधी बघणं. जवानाची शीट रोल, म्हणजे सेवेच्या नोंदींचा कागद, असते, आणि बदली, बढती, कोर्स, अटॅचमेंट, मेडल असं जे काही घडतं ते पार्ट टू ऑर्डरने प्रसिद्ध होऊन त्यात चढतं. पार्ट टू ऑर्डर निघाली नसेल तर कागदोपत्री ती गोष्ट घडलेलीच नाही. शीट रोलची आणि त्या काळातल्या पार्ट टू ऑर्डरांची प्रत आधी साध्या पत्राने मागा. नाही मिळाली तर माहिती अधिकारात, १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. स्वतःचे कागद आहेत, मागायला संकोच कसला? मागताना नुसतं "माझी सर्व्हिस डिटेल्स" म्हणू नका. अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंतच्या पोस्टिंग आणि अटॅचमेंटच्या नोंदी, असं लिहा. अटॅचमेंट हा शब्द त्या पत्रात असलाच पाहिजे.

पेन्शनशिवाय फौज सोडलेल्यांचे कागद डिस्चार्जनंतर २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांची मूळ नोंदवही, मात्र कायम ठेवतात. शीट रोल नष्ट झाल्याचं उत्तर आलं तर लाँग रोलचा उतारा मागा. त्यात फार थोडं असतं, पण नंबर, नाव आणि भरती-डिस्चार्जच्या तारखा पक्क्या होतात.

पार्ट टू ऑर्डर सापडली नाही, तर अटॅचमेंट दुसऱ्या कशाने दाखवायची? इथे घाई करू नका, सगळा अर्ज यावर उभा आहे. मूव्हमेंट ऑर्डर, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याचा लेखी आदेश, सगळ्यांत चांगली. जुन्या ट्रंकेत, रेल्वे वॉरंटच्या अर्धवट तुकड्यांत, कोर्सच्या सर्टिफिकेटांखाली ती सापडते. त्या काळातलं रजेचं सर्टिफिकेट बघा, त्यावर रजा देणाऱ्या युनिटचा शिक्का असतो, आणि तो मूळ युनिटचा नसेल तर तुम्हाला हवं ते मिळालं. फील्ड हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप बघा. घरी पाठवलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या बघा. आणि पत्रं. फौजेतून आलेल्या पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, युनिटचं नाव आणि पुढे ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (फौजी टपाल कार्यालय), तारखेच्या शिक्क्यासकट. आईने, आजीने जपलेली ती पत्रं भावनेपोटी कपाटात राहतात, पुरावा म्हणून कुणाला सुचत नाहीत. एकटं पत्र पुरेसं नाही, पण रजेच्या सर्टिफिकेटबरोबर जोडलं की त्याला वजन येतं. बर्फातला फोटो जोडायचा तर जोडा, त्याने काही सिद्ध होत नाही.

साक्षीदारही लागतील. गावातल्या पाच माजी सैनिकांच्या सह्यांपेक्षा ज्या कंपनीबरोबर होता तिच्या कंपनी कमांडरचं किंवा सिनिअर जेसीओचं एक पत्र मोलाचं. त्यात तारीख, ठिकाण, तुम्ही काय काम करत होता आणि कुठल्या युनिटमधून आला होता, एवढं यायला हवं. "हे शूर व कर्तव्यदक्ष सैनिक होते" असं प्रशस्तिपत्र उपयोगाचं नाही. १९७१ला कॅप्टन असलेले साहेब आता ऐंशीच्या घरात आहेत. पत्र घ्यायचं असेल तर पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नका.

या मेडलमुळे पेन्शन एक रुपयाने वाढत नाही, मग एवढं कशाला, असं घरातलेच विचारतात. ज्या डोंगरावर माणूस होता त्या डोंगराची नोंद त्याच्या नावापुढे असायला हवी. मला एवढं कारण पुरतं.

अर्ज कुठे? ज्या रेजिमेंटचे किंवा कोअरचे तुम्ही, त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, आर्मर्डचं अहिल्यानगरला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दला, वायुसैनिकांचं दिल्लीत सुब्रोतो पार्कला. अधिकाऱ्यांची कागदपत्रं दिल्लीत मुख्यालयाकडे असतात. अटॅचमेंट दुसऱ्या रेजिमेंटबरोबर होती म्हणून अर्ज त्यांच्याकडे पाठवायचा नाही. तो आपल्याच रेकॉर्ड ऑफिसला जातो, त्यांना फक्त प्रत. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. लिहिता येत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. कल्याण संघटक मदत करतात, आणि कार्यालयाच्या अग्रेषण पत्रासह गेलेल्या अर्जाचा मागोवा घेणं सोपं जातं.

सही सैनिकाचीच हवी. मुलाने स्वतःच्या नावाने पाठवलेल्या पत्राला उत्तराची अपेक्षा धरू नका. हात थरथरत असेल तर अंगठा, आणि तो साक्षांकित. सैनिक हयात नसेल तर पत्नीची सही, मृत्यू दाखला आणि फॅमिली पेन्शनचा पीपीओ.

पाकीट बंद करण्याआधी एकदा थांबा. अटॅचमेंटचा कागद आत आहे का? जोडलेल्या कागदांच्या यादीत त्याला पहिला नंबर दिलाय का? अर्जाच्या मजकुरात "या काळात मी अमुक युनिटला अटॅच होतो, पुरावा जोडपत्र १" हे वाक्य आहे का? कागद नुसता गठ्ठ्यात असून भागत नाही, तो वाचणाऱ्याच्या नजरेला पडायला हवा. मूळ कागद एकही पाठवू नका. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

पुढचं थोडक्यात. दोन-तीन महिन्यांनी स्मरणपत्र, आधीच्या पत्राची तारीख घालून. नकार आला तर कारण लेखी मागा. माहिती अधिकाराला उत्तर नसेल तर ३० दिवसांत पहिलं अपील. शेवटचा रस्ता सशस्त्र सेना न्यायाधिकरण, मुंबईत खंडपीठ आहे. तिथे आधी खात्याकडे दाद मागितलेली असावी लागते: अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांत जायचं, आणि उत्तरच आलं नाही तर सहा महिने वाट पाहून त्यापुढच्या सहा महिन्यांत. तारखा चुकवू नका. वकील लावण्याआधी सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

मंजुरी आली की पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख मागून घ्या, डिस्चार्ज बुकात नोंद आणि शिक्का करून घ्या. मेडल हातात आलं की कडेवर कोरलेला नंबर आणि नाव भिंगाने वाचा, आणि चूक असेल तर लगेच लेखी कळवा.